गोधडीचे गणित आणि गटाची बैठक

जुनी वस्त्रे एकावर एक रचून, हातशिलाईने एकजीव करून जे अंथरूण-पांघरूण तयार होते, त्यास आपण गोधडी म्हणतो. कोठे तिला वाकळ म्हणतात. पूर्वेकडे छत्तीसगडच्या सीमेपलीकडे गेले, की तीच कथरी होते. वाकळ हा शब्द वल्कलापासून आला असे मानले जाते. जी वस्तू घरोघरी आहे, जिची निर्मिती घरातील स्त्रीच करते आणि जी विकत घेण्याची वेळ सहसा येत नाही, तिच्याविषयी शासकीय टिपणांत किंवा विकास आराखड्यांत क्वचितच काही आढळते. भंडारा जिल्ह्याची ओळख सांगताना आपण धान सांगतो, तलाव सांगतो, पितळेची भांडी सांगतो, मोहाडी व आंधळगाव येथील कोशाचे कापड सांगतो. गोधडी सांगत नाही. ती उद्योग म्हणून मोजली गेली नाही, म्हणून तिच्यावर खर्च होणारे श्रमही मोजले गेले नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

प्रथम रचना पाहू. धुऊन मऊ झालेली लुगडी, धोतरे, चादरी अंगणात किंवा ओसरीवर पसरतात. खालचे अस्तर ताणून घेतात, त्यावर मधले थर घालतात आणि सर्वांत वर ठिगळांची जुळणी केलेले किंवा सलग असे दर्शनी कापड ठेवतात. चारही बाजूंनी स्त्रिया बसतात. प्रथम मोठे कच्चे टाके घालून थर सरकणार नाहीत अशी व्यवस्था करतात. मग काठापासून धावदोरा सुरू होतो आणि चौकटीच्या आत चौकट अशा रांगा घेत शिलाई मध्याकडे सरकते. लुगड्याचे काठ वाया जात नाहीत. ते गोधडीच्या कडेला लागतात, कारण झिजण्यास सुरुवात कडेपासूनच होते. कर्नाटकातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागातील सिद्दी स्त्रिया कवंडी शिवतात. त्याही काठाकडून मध्याकडे येतात. बंगालची कांथा व बिहारची सुजनी या याच कुळातील वस्तू होत, मात्र त्यांत धावदोऱ्याने चित्रेही काढली जातात. आपली गोधडी चित्रांच्या मागे फारशी लागली नाही. तिचे सौंदर्य रंगांच्या मांडणीत आणि रांगांच्या सरळपणात आहे.

गोधडी ऊब का देते, हा प्रश्न शाळेत विचारण्याजोगा आहे. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. थरांच्या मध्ये जी हवा अडकून राहते, ती शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. टाक्यांचे काम दुहेरी आहे. थर एकत्र धरावयाचे, पण ते इतके आवळावयाचे नाहीत की मधली हवाच नाहीशी व्हावी. टाके विरळ असतील तर धुताना आतील कापड गोळा होते. अति घट्ट असतील तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. रुईने भरलेल्या रजईपेक्षा गोधडी धुण्यास सोपी असते, आणि म्हणूनच तान्ह्या मुलाचे दुपटे नेहमी जुन्या सुती कापडाचे असते. त्यात खळ उरलेली नसते आणि ओल चटकन शोषली जाते.

येथेच पहिली अडचण उभी राहते. गोधडीचा कच्चा माल म्हणजे जुने सुती वस्त्र. गेल्या चार-पाच दशकांत खेड्यांतील नित्याच्या वापरातही कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या स्वस्त असतात, लवकर वाळतात, फाटतही नाहीत. परंतु गोधडीसाठी त्या गैरसोयीच्या आहेत. घाम शोषत नाहीत, सुईखाली निसटतात आणि शेगडीजवळ गेल्यास वितळतात. लहान मुलाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणात असे कापड असणे धोक्याचे आहे. बाजारातील स्वस्त ब्लँकेट हेही कृत्रिम धाग्याचेच असते. तेव्हा आज गोधडी करावयाची तर सुती कापड शोधावे लागते, कधी विकत घ्यावे लागते. टाकाऊ कापडाची फुकट वस्तू हा गोधडीविषयीचा समज त्यामुळेच आता खरा राहिलेला नाही.

आता गणित. ६ फूट लांब व साडेचार फूट रुंद, म्हणजे ७२ इंच गुणिले ५४ इंच अशी गोधडी घेऊ. तिचे क्षेत्रफळ ३,८८८ चौरस इंच. दोन रांगांमधील अंतर १ इंच असेल, तर सर्व रांगांची एकूण लांबी सुमारे ३,८८८ इंच, म्हणजे ३२४ फूट भरते. अंतर अर्धा इंच ठेवले तर ती ६४८ फूट होते. एका इंचात ४ टाके धरले, तर पहिल्या गोधडीत साडेपंधरा हजारांवर आणि दुसरीत ३१ हजारांवर टाके पडतात. मिनिटाला २० टाके ही गती गृहीत धरली, तर दाट शिलाईच्या गोधडीस केवळ टाके घालण्यासाठी सुमारे २६ तास लागतात. कापड धुणे, उसवणे, कापणे, ठिगळे जुळविणे व थर लावणे यांसाठी आणखी ८ तास धरू. एकूण ३४ तास.

समजा, दोरा व विकत घेतलेले कापड मिळून २५० रुपये खर्च आला आणि ती गोधडी ८०० रुपयांस विकली गेली. उरलेले ५५० रुपये ३४ तासांत वाटले, तर तासाला १६ रुपयांच्या आसपास पडतात. तासाला ५० रुपये मोबदला मिळावा असे गटाने ठरविले, तर श्रमाचे १,७०० व मालाचे २५० मिळून किंमत १,९५० रुपये होते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गटाने आपली गती व आपले दर घड्याळ लावून स्वतः काढावेत. मात्र कोणत्याही गटाने हा हिशेब केला, तर बाजारभाव आणि श्रममूल्य यांत मोठी तफावत आढळेल, असे मला वाटते. ‘रिकाम्या वेळात करतात’ असे म्हणून ती झाकली जाते. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभी राहणारी, चैत्रात मोहफुले वेचणारी, मे महिन्यात तेंदूपानाला जाणारी स्त्री केव्हा रिकामी असते, हे असे म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावे.

ही तफावत एकट्या स्त्रीच्या ध्यानात येत नाही. ती ध्यानात येते चारचौघींत, काम समोर ठेवल्यावर. येथे परदेशातील एक पद्धत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत गोधडीकाम करणाऱ्यांची मंडळे आहेत. त्यांतील काही मंडळे लांब हाताच्या शिलाई यंत्रावर काम करणाऱ्यांची असतात. नेहमीच्या यंत्रात सुई जागेवर राहते व कापड सरकते. त्यामुळे जाड गोधडीचा गुंडाळा यंत्राच्या अरुंद हाताखालून नेणे कष्टाचे होते. लांब हाताच्या यंत्रात याच्या उलट असते. गोधडी चौकटीवरील दांड्यांना ताणून बसवितात आणि यंत्राचे डोके रुळांवर फिरत फिरत शिलाई करते. १९८० च्या दशकानंतर या यंत्रांचा प्रसार वाढला. मात्र यंत्रापेक्षा त्या मंडळांची बैठक मला अधिक महत्त्वाची वाटते. ठराविक काळाने सभासद जमतात, प्रत्येकजण आपले काम उलगडून सर्वांपुढे धरते आणि ते कसे केले, कोठे अडले, दोरा कोणता वापरला, हे सांगते. पाठीमागची बाजूही दाखवावी लागते, कारण शिलाईची खरी परीक्षा तेथेच होते. इतर विचारतात, सुचवितात, टिपून घेतात. त्यात भाषण नसते, हारतुरे नसतात.

अमेरिकेतीलच दुसरे उदाहरण अधिक बोधक आहे. अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर, गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील स्त्रिया कामाच्या कपड्यांच्या तुकड्यांतून गोधड्या शिवीत. नागरी हक्कांच्या चळवळीत मतदार म्हणून नाव नोंदविले, म्हणून त्या भागातील अनेक कुटुंबांना रोजगार व राहत्या जागा गमवाव्या लागल्या. अशा काळात, १९६६ साली, तेथे गोधडीकाम करणाऱ्या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. मोठ्या शहरांतील दुकानांकडून मागणी आली, पैसा आला. पण दुकानांना एकसारखा माल हवा होता. प्रत्येकीने आपल्या मनाने केलेली मांडणी त्यात बसेना आणि ठरावीक नमुने गिरविणे भाग पडले. पुढे २००२ साली ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात व त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन झाले आणि २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटे निघाली. या वेळी गौरव झाला तो त्यांच्या स्वतंत्र मांडणीच्या गोधड्यांचा. मागणी मिळविताना आपली मांडणी किती सोडावयाची, हा प्रश्न प्रत्येक गटापुढे केव्हा तरी येणारच. त्याचे उत्तर अधिकाऱ्याने देऊ नये. गटाने आधीच बोलून ठेवावे.

आपल्याकडे बैठकीची चौकट तयार आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजी झाली आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने बचत गट, ग्रामसंघ व प्रभागसंघ अशी उतरंड गावोगाव उभी केली. गटांना नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड व लेखे या पंचसूत्रीची सवय आहे. उणीव आहे ती कामाच्या पंचाईतीची. बचतीचे पैसे मोजले, वही लिहिली, सह्या झाल्या, की बैठक संपते. महिन्यातील एका बैठकीत वही मिटल्यावर अर्धा तास ठेवावा. ज्या ताईंची गोधडी पूर्ण झाली असेल, त्यांनी ती सतरंजीवर उलगडावी. कापड कोठून आणले, किती दिवस व किती तास लागले, दोरा किती लागला, हे सांगावे. सचिवाने किंवा शिकत्या मुलीने ते एका वेगळ्या वहीत उतरवावे. सहा महिन्यांत त्या वहीतून गटाची स्वतःची गती व स्वतःचा दर निघतो. व्यापारी दारात आला, तर भाव सांगण्यास त्या वहीचा आधार राहतो. अर्धवट गोधडी आणण्यासही मोकळीक असावी. शिकण्यासारखे बहुधा त्यातच असते. नव्या सुनेने केलेल्या वाकड्या रांगांवर हसू नये, एवढी शिस्त मात्र अध्यक्षांनी पाळून घ्यावी. आणि गटातील आजीबाईंना प्रथम बोलू द्यावे, कारण लुगड्याच्या काठांची व मोजमापाची जुनी माहिती त्यांच्याजवळ आहे आणि ती कोठेही लिहिलेली नाही.

यंत्र घ्यावे काय? लांब हाताच्या यंत्राची किंमत लाखांत जाते, त्याला मोठी खोली व खात्रीची वीज लागते. एका गटाला ते परवडणारे नाही. प्रभागसंघाने विचार केला तरी, आधी मागणी आणि मग यंत्र हाच क्रम योग्य. शेडमध्ये प्लास्टिक पांघरून ठेवलेली यंत्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. साध्या शिलाई यंत्रावर ठिगळांची जुळणी व कडेची पट्टी करावी आणि थर बांधणारे टाके हातानेच घालावेत, हा मधला मार्ग आहे. मात्र विकताना ‘पूर्ण हातशिलाई’ असे सांगू नये.

भंडाऱ्याला एक वेगळी सोय आहे. ऐनाच्या झाडावर वाढणारी कोशाची अळी, तिच्यावर जगणारी ढिवर कुटुंबे आणि ते सूत विणणारे कोष्टी ही या जिल्ह्याची जुनी साखळी होय. विणकरांकडील कोशाचे तुकडे गोधडीच्या दर्शनी भागात वापरता येतील. पण कोसा सुतासारखा रोज धुता येत नाही. म्हणून अंथरुणाच्या गोधडीत तो घालू नये. उशांचे अभ्रे किंवा भिंतीवर टांगण्याचे तुकडे यांत शोभेल.

शिक्षकांना कार्यानुभवाच्या तासासाठी हा विषय तयारच आहे. वर दिलेले क्षेत्रफळाचे गणित मुले घरच्या गोधडीवर पट्टी लावून करू शकतील. रांगांमधील अंतर निम्मे केले, की श्रम दुप्पट का होतात, हे त्यांना फळ्यापेक्षा तेथे लवकर कळेल. मुलांनाही सुई धरावयास लावावी.

ग्रामपंचायतींकडून फार मोठी अपेक्षा नाही. स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून बैठकीच्या खोलीतील उजेड, एक मोठी सतरंजी, कात्र्या, मोजपट्ट्या व कपड्यांसाठी लोखंडी पेटी एवढे सहज होते. कसर व उंदीर हे गोधडीचे दोन शत्रू. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.

विक्रीसाठी मुंबईचे ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन आहेच, पण तेथवर पोहोचणारे गट थोडे. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडार व नाटके होतात, पाहुणे मुक्कामाला येतात आणि थंडीही त्याच सुमारास पडू लागते. त्या वेळी गोधड्या तयार हव्या असतील, तर कापड जमविणे व धुणे होळीच्या आधी उरकावे लागेल आणि उन्हाळ्याच्या दुपारी शिलाई. मृगाचा पाऊस लागला, की अंगण ओले होते आणि हात बांधीत गुंततात. त्यानंतर कापणी होईपर्यंत सुई हाती धरणे होत नाही.