पिल्लाची प्रतिकारशक्ती खाद्यातूनच घडते

शेडमध्ये मरतुक सुरू झाली की ‘इम्युनिटी’ची बाटली येते आणि पाण्याच्या टाकीत ओतली जाते. पोल्ट्रीवाल्या बंधू-भगिनींनो, तोवर फार उशीर झालेला असतो. रोगाशी लढणाऱ्या पेशी मानेतल्या थायमसमध्ये आणि गुदद्वाराजवळच्या बर्सामध्ये घडतात, तेही पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत. जस्त, सेलेनियम, तांबं, मँगेनीज लागतं ते तेव्हापासून, रोजच्या खाद्यातून.

सगळ्यात आधी बघा जस्ताकडे. थायमसमधलं थायम्युलिन हे संप्रेरक जस्ताशिवाय कामच करत नाही. ब्रॉयलरला दर किलो खाद्यात किमान 40 मिलिग्रॅम जस्त हवं. मक्यात आणि सोयापेंडीत ते थोडंफार असतं, पण त्यांच्यातलंच फायटेट ते बांधून ठेवतं. त्यात शिंपल्याची पूड सढळ हाताने पडली की शोषण आणखी घटतं. लेअरच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला एक टक्का पुरतं. म्हणून लेअरचं खाद्य पिल्लांना कधीही घालू नका. पिसं विरळ, पायाची कातडी खवल्यांसारखी झालेली, वाढ मागे पडलेली दिसली, तर जस्ताची शंका घ्या. अशा बॅचला लस वेळेवर देऊनही तिचा पुरता उपयोग होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सेलेनियम ई जीवनसत्त्वाच्या जोडीनं पेशींचं रक्षण करतं. गरज किलोमागे 0.15 मिलिग्रॅम, म्हणजे टनभर खाद्यात चिमूटभरही नाही. तेच 5 मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की अंड्यातले गर्भ विकृत होतात, उबवणूक कोसळते. त्यामुळे ते घरी सुटं मोजून घालायचं धाडस करू नका. कोंबड्यांसाठीचंच प्रीमिक्स आणा. गाई-म्हशींचं खनिज मिश्रण चालत नाही. पिशवीवर लिहिलंय तेवढंच घ्या, आधी चार-पाच किलो भरड्यात नीट कालवा, मग सगळ्या खाद्यात मिसळा. उघडी पिशवी पावसाळ्यात दमट कोपऱ्यात ठेवू नका, तांब्या-लोहाच्या संगतीत ओल लागली की जीवनसत्त्वं नासतात. तयार खाद्य विकत घेत असाल तर वरून काहीच घालायची गरज नाही.

मानमोडी आणि गंबोरो हे रोग मात्र खनिजांनी बरे होत नाहीत, तिथे लसच हवी. आणि एकाएकी बरेच पक्षी मेले तर उघड्या हातांनी शिवू नका, ये-जा थांबवा, पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.