‘सल्लागार’ म्हणून नेमल्या जाणाऱ्या भाचीस



नोकरी म्हणून बोलणी झालेल्या कामाचा कागद जेव्हा ‘सल्लागार करार’ या नावाने समोर येतो, सकाळची हजेरी, वरिष्ठांची देखरेख, मंजुरी घेऊन मिळणारी रजा आणि दरमहा ठरावीक रक्कम हे सर्व तसेच राहते, आणि फरक एवढाच पडतो की पगाराऐवजी ‘व्यावसायिक शुल्क’ मिळून त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो, तेव्हा सही करणाऱ्याने दोन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नयेत. उत्पन्नावर कर कोणत्या सदराखाली लागतो हा एक प्रश्न आणि काम करणाऱ्याला नोकराचे हक्क आहेत की नाहीत हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचे उत्तर आपोआप निघते असे मानण्याची चूक तरुण अभियंते तर करतातच, पण त्यांची विवरणपत्रे भरून देणारेही करतात.

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९२ हे पगारातून होणाऱ्या करकपातीचे आणि कलम १९४जे हे व्यावसायिक शुल्कातून होणाऱ्या कपातीचे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक बदलतात, भेद मात्र राहतो. कपात कोणत्या कलमाखाली करायची हे प्रथम पैसे देणारा ठरवतो, म्हणजेच ते एका पक्षाचे मत असते. न्यायालये या भेदाच्या मुळाशी ‘सेवेचा करार’ आणि ‘सेवेसाठीचा करार’ असे दोन प्रकार पाहतात: पहिल्यात माणूस दुसऱ्याच्या नियंत्रणाखाली आपले श्रम देतो, दुसऱ्यात तो स्वतंत्रपणे, स्वतःच्या जोखमीवर ठरलेले काम पुरे करून देतो.

पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकचे चालक असलेल्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात आयकर खात्याचे म्हणणे असे होते की तेथील सल्लागार डॉक्टर वस्तुतः नोकरच आहेत आणि त्यांच्या मोबदल्यातून पगाराप्रमाणे कर कापायला हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली ते मान्य केले नाही. या डॉक्टरांना भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तीचे लाभ नव्हते आणि खासगी व्यवसायाची मोकळीक होती, या गोष्टींना तेथे वजन मिळाले. नामवंत डॉक्टरांच्या बाबतीत हा निष्कर्ष योग्यच म्हणावा लागेल. मात्र पीएफ नाही म्हणून नोकर नाही हा युक्तिवाद अननुभवी अभियंत्याला लावला, तर हक्क नाकारणे हाच हक्क नसल्याचा पुरावा ठरतो, आणि मसुदा लिहिणाऱ्या कंपनीला याहून सोयीचे काही असू शकत नाही.

कामगार कायद्याची दृष्टी सुदैवाने इतकी वर्तुळाकार नाही. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सौराष्ट्रातील मिठागरांवरचे आगरिया कुटुंबासह राबत, मदतीला स्वतःची माणसे लावत आणि त्यांना कामाचे ठरावीक तासही नव्हते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली ते कामगारच असल्याचे मान्य केले, कारण काम कसे व्हावे यावर कंपनीचे नियंत्रण होते. पुढे १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात, नगावर मजुरी घेणारे आणि इतर दुकानांचेही काम करू शकणारे शिंपी नोकर ठरले. बहुतेक शिलाईयंत्रे दुकानाची होती आणि न पटलेला कपडा उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार मालकाकडे होता. दुसऱ्याचेही काम करण्याची मुभा हा निर्णायक पुरावा नव्हे, एवढे यातून दिसते. लॅपटॉप, सॉफ्टवेअरचा परवाना आणि आराखडा परत पाठवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पाहताना हा निकाल ध्यानी घ्यावा.

मात्र नोकर ठरणे नेहमीच लाभाचे असते असेही नाही. संस्थेच्या मिनीबसच्या अपघातात मरण पावलेल्या एका मानद नेत्रशल्यविशारदाच्या प्रकरणात विमा कंपनीने तो नोकर असल्याचे सांगून आपली जबाबदारी मर्यादित करू पाहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्याचा करार सेवेसाठीचा ठरवला आणि त्यामुळेच कुटुंबाला पूर्ण भरपाईचा मार्ग मोकळा झाला. एकच कसोटी सर्वत्र चालत नाही, हे त्याच निकालाने स्पष्ट केले.

सल्लागार करारासोबत दाखवल्या जाणाऱ्या करबचतीच्या आमिषाची थोडी आकडेमोड येथे केलेली बरी. कलम ४४एडीए अन्वये ठरावीक व्यावसायिकांना, ज्यांत अभियंतेही येतात, जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो, आणि ही सवलत मोठ्या जमेला खरोखर मोलाची आहे. परंतु आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत प्रमाणित वजावटीसह १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. दरमहा ८० हजार घेणाऱ्याचे वर्षाचे उत्पन्न ९ लाख ६० हजार होते. म्हणजे नोकर म्हणून त्याचा कर शून्य आणि सल्लागार म्हणूनही शून्य, फरक एवढाच की सल्लागाराचे ९६ हजार टीडीएस म्हणून कापले जाऊन परताव्याची वाट पाहत राहतात. महाराष्ट्राच्या व्यवसाय कराची नोंदणीही मग त्याची त्यालाच करावी लागते.

हेही जाणून असावे की प्रत्येक कायद्यातील ‘कर्मचारी’ सारखा रुंद नसतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ही व्याख्या इतकी व्यापक आहे की कंत्राटी, तात्पुरती वा प्रशिक्षणार्थी स्त्रीही तिच्यात येते, आणि करारातील पदनाम पुढे करून तक्रार नाकारता येत नाही. उलट ग्रॅच्युइटी नोकरालाच मिळते. नियत मुदतीच्या कर्मचाऱ्यास मात्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ती एका वर्षाच्या सेवेनंतरही मिळू शकते. म्हणून कंपनीला कायमची नेमणूक नको असेल, तर सल्लागार कराराऐवजी नियत मुदतीच्या नेमणुकीची मागणी करणे शहाणपणाचे आहे.

ती मागणी फेटाळली गेली आणि काम तरीही स्वीकारायचे ठरले, तर हजेरीचे ईमेल, रजेच्या मंजुऱ्या आणि कामाच्या सूचना पहिल्या दिवसापासून कंपनीच्या खात्याबाहेर, गोपनीय आराखडे वगळून, जपून ठेवाव्यात, कारण नोकरी सुटताच ते खाते बंद होते. ‘उद्यम’ नोंदणीचा सल्लाही कोणी देईल. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे देणे कमाल ४५ दिवसांत भागवावे लागते आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, त्यामुळे खऱ्या स्वतंत्र व्यावसायिकासाठी हे नामी शस्त्र आहे. पण स्वतःला उद्योजक म्हणून नोंदवणारीने पुढे नोकर असल्याचा दावा केला, तर तीच नोंदणी कंपनीचा वकील प्रथम दाखवील. तेव्हा ती करण्याआधी पुढच्या दोन-तीन वर्षांत एकाच कंपनीचे काम करायचे की अनेकांचे, हे चिरंजीव भाचीने पक्के ठरवून घ्यावे.