लाल दिवा आणि सायकलवाला

सकाळची वेळ आहे. मनमाडच्या आसपासच्या खेड्यांतून माणसे सायकलींवर गावात येत आहेत. कोणी धान्याच्या गोदामावर हमालीला निघाला आहे. कोणी रेल्वेच्या कारखान्यात चालला आहे. कोणी दुधाच्या किटल्या लावल्या आहेत, तर कोणाच्या कॅरिअरवर भाजीची पाटी आहे. सगळ्यांना घाई आहे. कामावर उशीर झाला तर खाडा पडतो. दूध उशिरा पोचले तर गिऱ्हाईक तुटते.

अशा घाईत समोर लाल दिवा लागला, किंवा रेल्वेचे फाटक पडले, तर सायकलवाल्याने थांबावे काय? की सायकल हलकी म्हणून फट दिसेल तिथून काढावी? प्रश्न साधा दिसतो. पण त्यात जिवाचा संबंध आहे. म्हणून त्याचा नीट विचार करू.

पुतण्याचे म्हणणे

एक चुलता आणि एक पुतण्या आहेत असे धरून चाला. चुलत्याची सारी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली. पुतण्या रोज सायकलने कामाला जातो. तो म्हणतो :

"नाना, मोटारीला इंजिन असतं, नंबर असतो. चालवणाऱ्याला लायसन लागतं. माझ्या सायकलला काय आहे? दोन चाकं आणि एक घंटी! मी कोणाला चिरडणार? शिवाय भरल्या सायकलला एकदा थांबवलं की पुन्हा पायडल मारताना मांड्या भरून येतात. मग दिवा मोटारींसाठी असू द्या. मी आपला इकडं-तिकडं बघून निघून जातो."

पुतण्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. सायकलने दुसऱ्याचा जीव जाण्याचा धोका ट्रकपेक्षा फार कमी. ओझे घेऊन पुन्हा निघायला कष्ट पडतात, हेही खरे. पण नाना त्याला विचारतात, "अरे, दिवा कशासाठी असतो, ते आधी सांग बरं!"

दिवा आला रेल्वेतून

रस्त्यावरचा दिवा हा रेल्वेच्या सिग्नलचाच धाकटा भाऊ आहे. १८६८ साली लंडन शहरात पार्लमेंटच्या इमारतीजवळ पहिला असा खांब उभा राहिला. तो सुचवला एका रेल्वेच्या इंजिनिअरने. दिवसा त्या खांबाचे हात वर-खाली होत. रात्री लाल आणि हिरवा दिवा दिसे. दिवे गॅसचे होते. थोड्याच दिवसांत गॅसचा स्फोट झाला आणि जवळचा पोलीस भाजला. तो खांब गेला, पण कल्पना राहिली. पुढे १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात विजेचे दिवे लागले. मग ते जगभर पसरले.

मनमाडच्या माणसाला सिग्नल नवा नाही. हे मोठे जंक्शन आहे. इथून मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार दिशांना रूळ जातात. एवढ्या गाड्या एकमेकींवर का आदळत नाहीत? कारण एकीला हिरवा दिवा मिळतो, तेव्हा तिच्या वाटेत येणाऱ्या दुसरीला लाल असतो.

हीच खरी गोष्ट आहे. लाल दिवा एकटा नसतो. तुमच्यापुढे लाल असतो तेव्हा आडव्या रस्त्यावर कोणाला तरी हिरवा असतो. तो माणूस तुमच्या भरवशावर निघालेला असतो. "समोरचा थांबणार आहे," असे त्याला दिव्याने सांगितलेले असते. आपण लाल तोडतो, तेव्हा त्याला दिलेला शब्द मोडतो.

फाटकाचा धडा

नाना सांगतात, "आमच्या फाटकाला सिग्नल जोडलेला होता. फाटक पुरतं बंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळायचाच नाही. म्हणजे एवढी मोठी गाडीसुद्धा तुमच्यासाठी थांबायची! पण माणसं फाटक लावूच द्यायची नाहीत. एक सायकलवाला घुसला की मागून दहा घुसायचे."

फाटक बंद झाल्यावरही काही जण सायकल आडवी करतात आणि दांड्याखालून काढतात. गाडी लांब दिसते म्हणून धीर येतो. पण हिशेब करा. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी अर्धा किलोमीटर अंतर सुमारे १८ सेकंदांत कापते. ड्रायव्हरने ब्रेक लावला तरी ती जागेवर थांबत नाही. थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागते. कधी जास्तही लागते.

दुहेरी मार्गावर आणखी एक फसगत होते. एक गाडी गेली की माणूस लगेच निघतो. पण तिच्या आडून दुसऱ्या रुळावर दुसरी गाडी येत असते. पहिलीच्या आवाजात दुसरीचा आवाज कळत नाही. म्हणून गाडी गेली एवढे पुरे नाही. फाटक उघडेल तेव्हाच निघावे.

रस्त्यावरचा हिशेब

आता चौकात येऊ. पुण्याहून इंदूरला जाणारा महामार्ग मनमाड गावातूनच जातो. त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर असतात, धान्याचे ट्रक असतात. पानेवाडीच्या डेपोवरून तेल भरून निघालेले टँकर असतात. रेल्वेवरच्या पुलावरून उतरताना सायकलही पायडल न मारता पळते.

ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात ११ मीटर पुढे येतो. ड्रायव्हरला तुम्ही दिसणार, मग त्याचा पाय ब्रेकवर जाणार. एवढ्यातच एक सेकंद जातो. त्यानंतर ट्रक थांबायला आणखी जागा लागते. माल भरलेला असेल, रस्ता ओला असेल, तर फारच जास्त लागते.

सायकल मात्र सेकंदाला चारच मीटर जाते. २० मीटरचा चौक ओलांडायला तिला पाच सेकंद लागतात. पिवळा दिवा बहुधा तीन ते पाच सेकंदच राहतो. म्हणून पिवळा दिसल्यावर "निघतो पटकन" असे म्हणून शिरणारी सायकल मधेच सापडते. मोटार निसटते, सायकल निसटत नाही.

आता पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. सायकल कोणाला चिरडत नाही हे खरे. पण तीच चिरडली जाते. मोटारवाल्याभोवती पत्रा असतो. सायकलवाल्याभोवती काय असते? अंगातला सदरा! ज्याच्याजवळ पत्रा नाही, त्याला दिव्याचीच ढाल. ती त्याने आपल्या हाताने टाकू नये.

"पण नाना, मोटारवालेही दिवा तोडतात!"

"तोडतात. ते चूकच आहे. पण दोघांनी तोडला तर दवाखान्यात कोण जातो?"

कायदा काय म्हणतो?

सायकलला लायसन लागत नाही, हे बरोबर आहे. मोटारींच्या कायद्यात सायकल ही मोटार धरलेली नाही. पण म्हणून ती कायद्याबाहेर नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ सालचा आहे. त्यात वाहन या शब्दात सायकलही येते. रहदारीबाबत पोलिसांनी केलेले नियम तिलाही लागू होतात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या २८१ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेफिकिरीने चालवून माणसाचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा आहे.

रेल्वेचा कायदा आणखी कडक आहे. तो १९८९ सालचा. बंद फाटक परस्पर उघडले तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोडले तर पाच वर्षांपर्यंत होऊ शकते.

बाहेर सवलत आहे, ती कशी?

पुतण्या म्हणतो, "परदेशात सायकलवाल्याला दिवा माफ आहे म्हणे!"

यात थोडे खरे आहे. अमेरिकेत आयडाहो नावाचे राज्य आहे. तिथे १९८२ सालापासून सायकलवाल्याला सवलत आहे. 'थांबा' अशी पाटी असेल तिथे त्याने वेग कमी करायचा, दोन्हीकडे बघायचे, ज्याचा हक्क असेल त्याला आधी जाऊ द्यायचे. रस्ता मोकळा असेल तर पुरते न थांबता जाता येते. पण लाल दिव्यापाशी आधी पूर्ण थांबावे लागते. मग वाट मोकळी असेल तरच निघायचे. फ्रान्समध्ये पॅरिस शहरात २०१२ सालापासून काही चौकांत खास पाट्या लावल्या. तशी पाटी असेल तिथेच लाल दिव्यातही सायकल वळवता येते. पायी माणसाला मात्र आधी वाट द्यावी लागते.

आपल्या रेल्वेतही असे आहे. काही मार्गांवर आपोआप चालणारे सिग्नल असतात. तसा सिग्नल लाल असेल तर ड्रायव्हर दिवसा एक मिनिट थांबतो, रात्री दोन मिनिटे थांबतो. मग पुढे नजर ठेवून अगदी हळू गाडी काढतो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. सवलत नियमाने दिलेली आहे. ती सगळ्यांना ठाऊक आहे. समोरचाही ती धरून चालतो. आपल्याकडे तसा नियम नाही. तो व्हावा असे कोणाला वाटले तर जरूर मागणी करावी. पण नियम होण्याआधी प्रत्येकाने मनाने सवलत घेतली, तर समोरच्याला काय कळणार? जी सवलत एकालाच ठाऊक असते, तिचे नाव अपघात.

"आणि रात्री अकराला? चौकात चिटपाखरू नसतं तेव्हा?"

"तेव्हाही थांबायचं. मोकळा रस्ता पाहून टँकर जोरात येतो. तुझ्या सायकलला दिवा नाही, अंगावर काळं घोंगडं. तो तुला कुठून पाहणार? आणि दिवा बिघडला असेल, बदलतच नसेल, तर सायकलवरून उतर. दोन्हीकडे बघ, सायकल हातात धर आणि पायी रस्ता ओलांड. त्यात काही कमीपणा नाही."

पुतण्या हसला. म्हणाला, "नाना, मग मला घरून पाच मिनिटं आधी निघावं लागेल."

"हां, आता बोललास! सगळी गोष्ट त्या पाच मिनिटांचीच आहे."

थांबावे कसे?

नुसते थांबणे पुरत नाही. कसे थांबावे तेही समजले पाहिजे.

१. रस्त्यावर आडवी पांढरी रेघ असते. तिच्या अलीकडे थांबावे.

२. ट्रकच्या डाव्या कुशीला चिकटून उभे राहू नये. ट्रक डावीकडे वळला तर मागचे चाक आत येते, आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. त्याच्या मागेच राहावे.

३. 'थांबा' ही पाटी लाल आणि आठ कोनांची असते. तिच्यावर इंग्रजी अक्षरे असली तरी आकारावरून ती ओळखावी.

४. लाल दिवा लुकलुकत असेल तर थांबावे, बघावे, मग जावे. पिवळा लुकलुकत असेल तर हळू जावे.

५. ब्रेकचे रबर झिजू देऊ नये. पावसात ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीच वेग कमी करावा.

६. रात्री पुढे दिवा आणि मागे लाल काच असावी.

जो नियम पाळतो, त्याला मागणी करता येते. चौकातला हिरवा दिवा सायकलला पुरत नसेल, फाटकाजवळ खड्डा असेल, पाटी झाडाआड गेली असेल, तर अर्ज करावा. गावात ग्रामपंचायतीकडे करावा. शहरात नगरपरिषदेकडे करावा. आता आपल्याला लिहिता येते. चार ओळी लिहाव्या, खाली सही करावी.

लक्षात ठेवा

लाल दिवा म्हणजे दुसऱ्याला दिलेला शब्द.
सायकल हलकी असते, म्हणूनच तिने आधी थांबावे.
फाटक उघडेपर्यंत थांबावे, गाडी जाईपर्यंत नव्हे.

विचार करा आणि सांगा

१. तुमच्यापुढे लाल दिवा असतो, तेव्हा आडव्या रस्त्यावर काय असते?

२. दुहेरी मार्गावर पहिली गाडी गेल्यावर लगेच का निघू नये?

३. आयडाहोतील सायकलवाला लाल दिव्यापाशी आधी काय करतो?

४. तुमच्या वाटेवरच्या धोक्याच्या जागेबद्दल पाच ओळींचा अर्ज लिहा.