भिंतीला नेसवलेली साडी

"भिताडाले लुगडं नेसवून रायली का व?" सासूबाईंनी ओसरीतून विचारलं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

मे महिन्यात दिराचं लग्न होतं. बैठकीच्या भिंतीचे पोपडे निघालेले, आणि मृग बहाराच्या संत्र्यांचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले. मग रंगाऐवजी दोन जुन्या सुती साड्या काढल्या, मैद्याची खळ शिजवली आणि भिंतीवर चिकटवून टाकल्या. पाहुण्यांनी वाहवा केली. खोटं कशाला बोलू, दिसतही छान होतं.

वरूडचा मे म्हणजे कूलर बंदच होत नाही. त्याची ओलसर हवा नेमकी त्याच भिंतीवर. त्यात पावसाळा लागला. जुलैत खोलीला कुबट वास, काठावर नखाएवढे काळे डाग. कोपरा ओढला तर मागे खळ बुळबुळीत झालेली, आणि जमिनीपासून वर पेन्सिलीएवढी जाड मातीची वाट. उधई! कापूस म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोज, तिचं आवडतं खाणं. वर मैद्याची मेजवानी मीच वाढलेली. साडीसोबत प्लास्टरही खाली आलं.

मांडववाला कनात चिकटवतो का? टांगतो. एवढं माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं.

आता करायचंच असेल, तर आधी भिंत पाहा. हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर ओल आतून येते आहे. ती थांबल्याशिवाय कापडाचं नाव काढू नका. भिंत कोरडी असेल तर वर लोखंडी नळी लावून पडद्यासारखं कापड सोडा, मागे दोन बोटं हवा खेळू द्या आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा. साडेपाच मीटरच्या साडीतून नऊ फुटी दोन पट्टे निघतात, पण कापड नवं असेल तर आधी धुऊन घ्या. सुती कापड आटतं. दर पावसाळ्याआधी उतरवून उन्हात घाला. चिकटवायचंच म्हणाल, तर उधई टाळायला खळीत मोरचूद घालण्याचा सल्ला मिळेल. ते विष आहे, लेकरांच्या घरात नकोच.

स्विचबोर्डावरून कापड नेऊ नका. आणि कूलरच्या तोंडासमोरची भिंत उघडीच राहू द्या.