अद्भुतकथेंतील खलपुरुषाचें मन

शाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं लिहिलेल्या अद्भुत गोष्टी वाचतांना एक प्रकार सहज ध्यानांत येतो. राजपुत्र शूर असतो, कारण तो राजपुत्र आहे. राक्षस क्रूर असतो, कारण तो राक्षस आहे. दोघांची गांठ पडते, तलवारी खणखणतात, राक्षस मरतो आणि गोष्ट संपते. वाचकास घटकाभर मौज वाटते, परंतु दुसऱ्या दिवशीं त्यांतील कांहींच त्याच्या स्मरणांत उरत नाहीं. असें कां व्हावें? आमच्या मतें ह्याचें मुख्य कारण हें कीं, राक्षसास काय हवें होतें, हें लेखकानें त्यास कधीं विचारलेंच नाहीं.

हा प्रघात आपल्याकडे नवा नव्हे. मराठींतील अगदीं आरंभीच्या कादंबऱ्यांपैकीं लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं प्रसिद्ध झाली. तींतही सज्जनांची पंगत निराळी आणि दुर्जनांची निराळी मांडलेली आहे. परंतु तिच्याहून कितीतरी प्राचीन अशा महाभारतांत पाहावें, तर ह्या दोन पंगती एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. शस्त्रपरीक्षेच्या रंगणांत कर्णास त्याचें कूळ विचारून हिणविलें गेलें, तेव्हां दुर्योधनानें त्यास अंगदेशाचें राज्य दिलें. पुढें युद्धापूर्वीं कृष्णानें त्यास जन्मरहस्य सांगितलें. पांडवांस जाऊन मिळाल्यास ज्येष्ठ ह्या नात्यानें सिंहासन त्याचेंच होतें. तें त्यानें नाकारलें, कारण उपकारकर्त्यास ऐन वेळीं सोडणें त्यास हीनपणाचें वाटलें. परंतु ह्याच कर्णानें भर सभेंत द्रौपदीस नको ते शब्द ऐकविले होते. कृतज्ञता आणि अन्याय ह्या दोहोंनीं एकाच छातींत घर केलें, म्हणूनच हा पुरुष वाचकाचा पिच्छा सोडीत नाहीं. १९६७ सालीं शिवाजी सावंत ह्यांनीं त्याच्यावर 'मृत्युंजय' लिहिली, तेव्हां इतक्या शतकांनंतरही त्याच्या मनांत शोधण्यासारखें पुष्कळ उरलें होतें.

पाश्चात्य अद्भुत कादंबरींतही हेंच दिसून येतें. ऑक्सफर्ड येथील प्राध्यापक टॉल्किन ह्यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४ आणि १९५५ ह्या सालांत तीन भागांनीं बाहेर पडली. तींत एक अंगठी आहे. तिच्यांत अपार सामर्थ्य आहे, पण जो तिचा लोभ धरतो त्यास ती बिघडविते. ती नष्ट करावी असें सुज्ञांनीं ठरविलें. बोरोमिर नांवाच्या वीरास मात्र हें पटत नाहीं. त्याचें राज्य शत्रूच्या अगदीं तोंडाशीं आहे. त्याचे लोक रोज मरत आहेत. हातीं आलेलें शस्त्र आगींत कां टाकावें, असें तो विचारतो. हा प्रश्न दुष्टाचा नव्हे, देशभक्ताचा आहे. तरीही त्याच विचाराच्या भरांत तो अंगठी बाळगणाऱ्या दुबळ्या सोबत्यावर, फ्रोडोवर, हात टाकतो. थोड्याच वेळानें तो पस्तावतो आणि दुसऱ्या दोन लहानग्या सोबत्यांस वांचवितांना प्राण देतो. हेतु उत्तम आणि मार्ग वाईट. ह्या दोहोंच्या मधल्या अंतरांतच खरी कथा घडते.

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन ह्यांच्या १९६८ सालच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ह्या कादंबरींत तर बाहेरचा राक्षस जवळजवळ नाहींच. गेड हा मंत्रविद्येच्या शाळेंतील विद्यार्थी. एका सहाध्यायासमोर आपली विद्या मिरविण्याच्या ईर्षेनें तो मृतात्म्यास हांक मारतो, आणि त्या वाटेनें एक भयंकर छाया जगांत शिरते. ती वाट बुजवितांना शाळेच्या वृद्ध मुख्याचा अंत होतो. शेवटीं गेड त्या छायेस गांठतो आणि तिला स्वतःच्याच नांवानें हांक मारतो. वर्गांतील चढाओढ कोणास ठाऊक नाहीं? तीच येथें एवढ्या अनर्थास कारण झाली आहे.

आतां असा संघर्ष रचावा कसा, तें एका उदाहरणानें पाहूं. समजा, एका अरण्यांत मंतरलेला झरा आहे. त्याच्या पाण्यानें कसलाही ज्वर उतरतो, पण एक घागर उपसली कीं अरण्यांतील एक झाड वाळतें. झऱ्यावर एका राणीची सत्ता आहे, आणि अरण्य हेंच तिच्या प्रजेचें घर व अन्न आहे. खालच्या नगरांत सांथ सुरू झाली असून तेथील वैद्य पाणी मागावयास आला आहे. ह्या दोघांत दुष्ट कोण?

येथें लेखकानें दोघांसही तेच चार प्रश्न विचारावे. तुला काय हवें? तें कोणासाठीं हवें? त्यासाठीं काय देण्यास तूं तयार आहेस? आणि कोणतें कृत्य तूं कदापि करणार नाहींस? चौथ्या प्रश्नाचें उत्तर मिळालें म्हणजे कथेचा कळस सांपडलाच, कारण तीच मर्यादा पुढें मोडावयाची असते. राणी दहा घागरी देते. वैद्याची स्वतःची मुलगी तापानें फणफणत आहे, म्हणून जन्मांत कधीं चोरी न केलेला तो मनुष्य रात्रीं अकरावी घागर चोरतो. पहारेकरी आडवा येतो, झटापट होते आणि तो दरींत कोसळतो. संतापलेली राणी झरा कायमचा बंद करते, आणि नगरांतील निरपराध मुलें पाण्यावांचून तडफडतात. येथें प्रत्येक कृत्यास कारण आहे, आणि प्रत्येकाच्या हातून अपराधही घडला आहे.

अशा वेळीं एखादा साधु प्रकट होऊन दुसरा झरा दाखवूं लागला, तर सारी मेहनत पाण्यांत गेली असें समजावें. केल्या कर्माचें मोल पात्रांस चुकवूं द्यावें. तसेंच मनांतील हेतु लांबलचक भाषणांनीं सांगूं नयेत. चोरलेल्या घागरींतील पहिली वाटी वैद्यानें स्वतःच्या मुलीस पाजली, कीं शेजारच्या पोरक्या पोरास? त्या एका वाटीनें त्याचें अंतःकरण वाचकास कळेल.

पालकांपैकीं कोणी म्हणतील कीं, दुर्जनाच्या मनांत असें शिरल्यानें मुलांचा बऱ्यावाईटाचा विवेक सुटेल. ही शंका रास्त आहे. परंतु कृत्याचें कारण समजणें निराळें आणि त्याचें समर्थन करणें निराळें. त्या पहारेकऱ्याची म्हातारी आई कथेंत येऊं द्यावी. तिनें वैद्याच्या दारीं उभें राहून, "माझा मुलगा कोठें आहे?" एवढेंच विचारावें. वैद्यावर कितीही लोभ जडलेला असो, ती चोरी क्षुल्लक होती असें मग कोणताही वाचक म्हणणार नाहीं. ज्यास इजा झाली त्यास लेखक जोंपर्यंत विसरत नाहीं, तोंपर्यंत त्याच्या कथेंत नीति सुरक्षित आहे. निवाडा त्यानें स्वतःच्या मनांत स्वच्छ ठेवावा आणि वाचकास आपण होऊन त्याजपर्यंत येऊं द्यावें.

दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावांचून कोणास दोषी ठरवूं नये, हें आपण मुलांस नेहमीं सांगतों. कथा लिहितांना तें त्यांस प्रत्यक्ष करावें लागतें. तेव्हां, विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटींत राजपुत्राच्या हातीं तलवार देण्यापूर्वीं त्याच्या शत्रूस वहींत चार ओळी मोकळ्या ठेवा, आणि त्याचें म्हणणें त्याच्याच तोंडून लिहून घ्या.