मनातल्या भागांशी बोलणे

प्रश्न : मनातल्या 'भागां'शी बोलून उपचार कसा होतो? (वाचक, नाशिक)

उत्तर : मन एकसंध नसून अनेक भागांचे कुटुंब आहे, या कल्पनेवर ही पद्धत उभी आहे. अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांनी ती १९८०च्या दशकात विकसित केली. काही भाग जुने दुखणे उराशी धरून असतात, काही ते वर येऊ नये म्हणून कडक शिस्त लावतात. वेदना उसळलीच, तर काही भाग ती खाण्यात किंवा रागात विझवू पाहतात. यांतला एकही भाग मुळात वाईट नसतो, हे सर्वांत महत्त्वाचे. रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडणाऱ्या भागाला दटावले जात नाही. 'तुला कशाची भीती वाटते?' असे विचारले जाते. उत्तर कधी शब्दांत येते, कधी आवळलेल्या जबड्यातून. ते शांतपणे, कुतूहलाने ऐकणारा गाभा म्हणजे 'स्व'.

मनाशी बोलणे नाशिकला परके नाही. परंपरेनुसार समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षे तप केले; त्यांच्या 'मनाच्या श्लोकां'त, २०५ पैकी अनेकांत, मनालाच हाक आहे. तिथे मनाला उपदेश आहे, इथे आधी त्याचे ऐकून घेणे.

या पद्धतीवरचे संशोधन अजून थोडे आहे. मोठा आघात सोसलेल्यांनी हे एकट्याने करू नये. प्रशिक्षित तज्ज्ञ सोबत हवा. तातडीच्या मदतीसाठी शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास विनामूल्य आहे.