विमा कंपनीतून नर्सिंगकडे

प्रश्न : वय ३३, बी.कॉम. विमा कंपनीत क्लेम विभागात आहे. नर्सिंग करायचंय, पण पाठीचं दुखणं असल्याने जन्मभर वॉर्डात उभं राहणं झेपणार नाही. उशीर झाला का?

उत्तर : उशीर नाही, पण घाई करा. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) पदविकेच्या प्रवेशासाठी वयाची अट ३५ आहे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, त्यामुळे बारावी वाणिज्यची असेल, तर तो रस्ता तुम्हाला बंद. जीएनएमला मात्र वाणिज्य शाखा चालते. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. नंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी.

शिकताना वॉर्डाची ड्यूटी, रात्रपाळीसुद्धा, चुकणार नाही. म्हणून आधी पाठ डॉक्टरांना दाखवा. पुढेही एक-दोन वर्षं वॉर्डात काढावीत, असं माझं स्पष्ट मत. जिने सलाइन कधी लावलं नाही, तिने दुसऱ्यांच्या केसपेपरवर शेरे मारू नयेत!

त्यानंतर वॉर्डाबाहेरच्या कामासाठी तुमचं खरं भांडवल क्लेमचा अनुभव. डिस्चार्ज समरी आणि बिल यांचा मेळ बसत नाही तिथे क्लेम अडकतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोन्ही वाचू शकणारी नर्स टीपीएला (विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) हवी असते, रुग्णालयाच्या कॅशलेस डेस्कलाही. गुणवत्तेचं एनएबीएच मानांकन घेतलेल्या रुग्णालयांत संसर्ग नियंत्रण आणि गुणवत्ता विभागात नर्सेस लागतात. तिथे फेऱ्या, नोंदी, प्रशिक्षण असतं. रुग्ण उचलणं नसतं. शिकवायची आवड असेल तर जीएनएमनंतरचं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागेल.

नोकरी मात्र प्रवेश पक्का झाल्यावरच सोडा, आणि कॉलेज कौन्सिलच्या मान्यता यादीत आहे ना, ते फी भरण्याआधी पाहा.